नमाज कुठेही होईल, पण जमात?

२४ ऑक्टोबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इस्माईल फारुकी खटल्याचा निकाल दिला. अयोध्येतली वादग्रस्त जागा केंद्र सरकारने ताब्यात घेणे घटनेत बसते का, एवढाच मूळ प्रश्न होता. पण निकालाच्या ओघात बहुमताने एक विधान केले आणि पुढे ते निकालापेक्षाही जास्त गाजले. मशीद हा इस्लाम धर्माच्या आचरणाचा अत्यावश्यक भाग नाही. नमाज कुठेही, अगदी उघड्यावरसुद्धा पढता येते, असे ते विधान. २०१८ मध्ये ते मोठ्या पीठाकडे फेरविचारासाठी पाठवावे अशी मागणी झाली, ती दोन विरुद्ध एक मतांनी फेटाळली गेली. हे विधान भूसंपादनाच्या संदर्भापुरतेच वाचायचे, असा खुलासा न्यायालयाने त्या वेळी केला. बाहेरच्या वादविवादात मात्र संदर्भ कधीच गळून पडला होता. आज मशिदीचा विषय निघाला की दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतेच, ‘नाहीतरी नमाज कुठेही चालते ना तुमची?’

चालते. यावर कुठलाही मौलवी वाद घालणार नाही. सारी धरती माझ्यासाठी मशीद केली गेली आहे, अशा आशयाचे प्रेषित मुहम्मदांचे वचन हदीसच्या ग्रंथांत आहे. शेताच्या बांधावर, ट्रकच्या सावलीत, रेल्वेच्या दोन बर्थांमधल्या चिंचोळ्या जागेत लोक नमाज पढतातच. दिशा कळली आणि जागा स्वच्छ असली की झाले. तरीही शहराच्या कडेला मुसलमानांची नवी वस्ती उठते तेव्हा दवाखाना, शाळा, गटार यांच्या आधी एक पत्र्याची शेड उभी राहते, आत चटया पसरल्या जातात आणि वर्गणीचे पावतीपुस्तक छापले जाते. जे कुठेही होऊ शकते, त्यासाठी पोटाला चिमटा काढून जागा का घ्यायची?

कारण एकट्याची नमाज कुठेही होते, सगळ्यांची नाही. मशिदीचा सगळा विचार ‘जमात’, म्हणजे एकत्र उभे राहून नमाज पढणारा समूह, या एका गोष्टीभोवती फिरतो. जमातीने पढलेल्या नमाजचे पुण्य एकट्याच्या नमाजपेक्षा सत्तावीस पट, असे हदीस सांगते. शुक्रवारची, म्हणजे जुम्याची नमाज तर एकट्याने पढताच येत नाही. जमात नसेल तर त्या वेळची रोजची, जोहरची नमाज पढायची. जमातीला किती माणसे लागतात यावर फिकहच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, परंपरांत मतभेद आहेत. हनफी मताने इमाम सोडून तीन पुरुष पुरेत, शाफई मताने चाळीस हवेत. महाराष्ट्रात देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी आणि कोकणातले शाफई आहेत, त्यामुळे हा फरक आपल्याकडे पुस्तकी राहत नाही. निम्मे पुरुष आखातात आणि उरलेले मुंबईत, अशा खाडीकाठच्या वाडीत चाळीस डोकी जमवणे हा खरोखरीचा प्रश्न असतो.

मुळात मशीद कशी होती हे पाहिले की ही जमात म्हणजे काय प्रकार होता ते कळते. इ.स. ६२२ मध्ये प्रेषित मक्का सोडून मदिनेला आले. वाटेत कुबा इथे पहिली मशीद उभी राहिली, मग मदिनेत दुसरी. ही जागा साहल आणि सुहैल नावाच्या दोन अनाथ मुलांची होती. खजूर वाळवायचे ते खळे. कच्च्या विटांच्या भिंती, खजुराच्या खोडांचे खांब, वर झावळ्यांचे छप्पर आणि बाकी मोकळे अंगण. पाऊस आला की जमीन चिखलाची होई. घुमट नाही, मिनार नाही, मेहराबही नाही. बिलाल हे मूळचे हबशी गुलाम, पुढे मुक्त झालेले. ते जवळच्या एका घराच्या छपरावर चढून अजान देत. पहिली दीडेक वर्षे तोंड जेरुसलेमकडे असे, इ.स. ६२४ मध्ये ते मक्केकडे वळले.

या अंगणात काय काय चालत असे, याच्या नोंदी वाचताना आजच्या वाचकाला, विशेषतः आजच्या मशीद कमिटीच्या सदस्याला, ठसका लागावा. एका बाजूला सुफ्फा नावाचा ओटा होता. ज्यांना घर ना दार अशी माणसे तिथेच राहत, खात, शिकत. हदीसचे सर्वांत मोठे निवेदक अबू हुरैरा हे त्या ओट्यावरचेच. खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांच्यासाठी मशिदीतच तंबू ठोकला गेला आणि तिथे रुफैदा नावाची स्त्री जखमींवर उपचार करी. सुमामा नावाचा शत्रुपक्षाचा सरदार कैद झाला तेव्हा त्याला मशिदीच्या खांबाला बांधून ठेवले होते. तीन दिवस त्याने तिथला व्यवहार पाहिला, सुटका झाल्यावर तो स्वतःहून मुसलमान झाला. ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करत आणि प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा ते त्यांच्या खांद्याआडून बघत. नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ आले तेव्हा त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली आणि त्यांनी ती मशिदीतच केली, असे इब्न इसहाकने लिहिलेल्या प्रेषितांच्या चरित्रात आहे.

आणि एक बाई होती, झाडलोट करणारी. काळी, गरीब, फार कुणाच्या खिजगणतीत नसलेली. ती वारली तेव्हा लोकांनी रातोरात तिचे दफन उरकले आणि प्रेषितांना कळवायची गरज कुणाला वाटली नाही. ती दिसेना म्हणून त्यांनी चौकशी केली, मला का सांगितले नाही म्हणून विचारले आणि तिच्या कबरीवर जाऊन नमाज पढली. मशिदीविषयीच्या शेकडो हदीसांत मला ही सर्वांत महत्त्वाची वाटते. जमातीत कोण धरले जात होते, हे ती एका प्रसंगात सांगते.

साम्राज्य आले आणि मशीद बदलली. ते अटळही होते. दमास्कसला उमय्यद खलिफा वलीदने आठव्या शतकाच्या सुरुवातीला जी मशीद बांधली, तिच्या भिंतींवर सोनेरी मोझेकमध्ये नद्या, वाडे आणि झाडे आहेत. त्याच्याच काळात मदिनेची मशीद नव्याने बांधली गेली आणि तिच्या किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, भिंतीत कोनाडा, म्हणजे मेहराब आला. मिंबर ही प्रेषितांच्या काळी तीन पायऱ्यांची साधी लाकडी घडवंची होती, ती आता सत्तेची खूण ठरली. जुम्याच्या खुतब्यात, म्हणजे प्रवचनात, ज्याचे नाव घेतले जाईल तो राजा; नाणे आणि खुतबा या दोन गोष्टींवर सुलतानाचे सुलतानपण ठरू लागले. मशिदीत हल्ले होऊ लागले तसा राज्यकर्त्यांसाठी मकसुरा नावाचा जाळीचा कठडा आला. खांद्याला खांदा लावून उभे राहायच्या ठिकाणी पहिली जाळी बसली ती राजासाठी.

हे वाचून ‘मूळचे निर्मळ, नंतर सगळे भ्रष्ट’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. त्यात अर्थ नाही. साम्राज्याच्या पैशामुळेच मशिदीभोवती वक्फची, म्हणजे धर्मादाय मिळकतीची, व्यवस्था उभी राहिली. फेसमधली करवीयीन मशीद परंपरेनुसार ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या स्त्रीच्या पैशातून बांधली गेली, कैरोची अल-अजहर दहाव्या शतकातली. दोन्ही मशिदींच्या खांबांशी बसून शिकवणाऱ्यांच्या वर्तुळांतून विद्यापीठे झाली. इस्तंबूलची सुलेमानिये मशीद सिनान या वास्तुकाराने १५५७ मध्ये पुरी केली, तिच्या भोवती मदरसे, रुग्णालय, हमाम आणि गरिबांना रोज शिजवलेले अन्न देणारे मुदपाकखाने होते. मालीमधल्या जेन्नेची मातीची मशीद आजच्या रूपात १९०७ मधली आहे. दरवर्षी सारे गाव मिळून ती नव्या चिखलाने लिंपते. तिथे मशीद टिकवणे हेच जमातीचे काम.

आपल्या किनाऱ्यावर मशीद आली ती तलवारीच्या कितीतरी आधी, मालाच्या गाठोड्यांबरोबर. बगदादचा प्रवासी मसूदी इ.स. ९१६ च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आपल्या अलिबागजवळच्या चौलला आला. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथेच जन्मलेलेही. त्यांचा ‘हुनरमन’ नावाचा प्रमुख असे आणि त्याची नेमणूक राष्ट्रकूटांच्या राज्याकडून होई. त्या शतकातले अरब भूगोलकार या किनाऱ्यावरच्या जामा मशिदींची नोंद करतात. म्हणजे देवगिरीवर खिलजींचे सैन्य येण्यापूर्वी पावणेचारशे वर्षे रायगड जिल्ह्यातल्या एका बंदरात जमात होती, तिचा न्यायनिवाडा होता आणि राजाला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

या व्यापारी मशिदींचा हिशेब कसा चालत असे, याचा उत्तम कागद, खरे तर दगड, सौराष्ट्रात सोमनाथ-वेरावळला सापडला. साल १२६४. होर्मुझचा जहाजमालक नाखुदा नुरुद्दीन फिरोज याने सोमनाथ पाटणजवळ जमीन घेऊन मशीद बांधली. तिचा शिलालेख संस्कृतात आहे, शिवाय अरबीतही. संस्कृत लेखात हिजरी, विक्रम, वलभी आणि सिंह अशा चार कालगणनांत तिथी दिली आहे आणि ईश्वराला विश्वनाथ, विश्वरूप असे नमन केले आहे. स्थानिक पंचकुलाच्या आणि महाजनांच्या साक्षीने व्यवहार झाला. मशिदीच्या खर्चासाठी दुकाने, तेलघाणा अशी मिळकत लावून दिली. खर्चाच्या बाबी नेमक्या आहेत: दिवाबत्ती, तेल, पाणी, नमाज पढवणारा, बांग देणारा, कुराण वाचणारा आणि खलाशांच्या रिवाजाप्रमाणे सणांचा खर्च. उरलेली रक्कम मक्का-मदिनेला पाठवायची. देखरेख कुणी करायची, तर जहाजवाल्यांची, तेल्यांची, चुनेवाल्यांची जमात. महमूद गझनवीच्या स्वारीला तेव्हा अडीच शतके होत आली होती आणि त्याच सोमनाथात हे घडत होते. इतिहासाचे एकच पान फाडून खिशात ठेवणाऱ्यांनी हे दुसरे पानही जवळ ठेवायला हरकत नाही.

पण पहिले पान खोटे आहे असेही नव्हे. दिल्लीच्या कुव्वतुल इस्लाम मशिदीचे खांब मंदिरांतून आलेले आहेत. देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यातली १३१८ ची जामा मशीदही मंदिराच्या खांबांवर उभी आहे. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या मोठ्या मशिदींपैकी ती एक. हैदराबादचे संस्थान भारतात आल्यानंतर या मशिदीत भारतमातेची मूर्ती बसली आणि आज पर्यटक ती भारतमाता मंदिर म्हणूनच पाहतात. विजयाची मशीद आणि जमातीची मशीद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत राजा आपले नाव कोरतो, दुसरीत खलाशी तेलाचा हिशेब ठेवतात. कधीकधी एकाच इमारतीत दोन्ही नांदतात आणि मग वाद सुटत नाहीत.

दख्खनच्या सुलतानांनी या प्रकारात आपली भर घातली. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली १३६७ ची जामा मशीद अंगणाविना पूर्ण छपराखाली घेतलेली आहे, भारतात असा नमुना विरळा. अहमदनगरची दमडी मशीद सोळाव्या शतकातली. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी एकेक दमडी जमवून ती बांधली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्या दगडातले कोरीव काम मात्र दमडीच्या मोलाचे नाही. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाने अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख कोरवला. गोव्यात फोंड्याची साफा मशीद १५६० ची, आदिलशाही. उतरत्या कौलारू छपराची आणि शेजारी चिरेबंदी तळे असलेली. मंगेशीकडे जाणाऱ्या मराठी माणसाने बसच्या खिडकीतून ती पाहिलेली असते, उतरून क्वचित.

शिवकाळाविषयी दोनच नोंदी पुरेत. खाफीखान हा शिवाजी महाराजांचा कडवा टीकाकार. पण महाराजांनी मशीद, कुराण आणि स्त्रिया यांना हात लावू नये असा सक्त नियम घालून दिला होता, हे त्यानेच लिहून ठेवले. सभासदाच्या बखरीत पीर आणि मशिदींची दिवाबत्ती चालू ठेवल्याचा उल्लेख आहे. गावगाड्यात मुलाण्याला स्थान होते आणि मशिदीच्या चाकरीसाठी इनाम जमिनी होत्या. त्यातल्या काही जमिनींचे खटले आजही चालू आहेत.

आता तालुक्याच्या गावातली, बाजारपेठेतली कुठलीही साधी मशीद घ्या. दाराशी चपलांचा ढीग. आत शिरताच डावीकडे नळांची रांग किंवा जुनी असेल तर हौज. लोक ओट्यावर बसून कोपरापर्यंत हात, तोंड, पाय धुताहेत, तो वजू. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीत तर सारी इमारतच एका जुन्या तळ्यावर उभी आहे. १८०२ मध्ये पुरी झालेल्या त्या मशिदीत लोक अजूनही त्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसून वजू करतात आणि पाण्यात मासे फिरत असतात. आपल्या तालुक्याच्या मशिदीत मासे नाहीत, पण टोपी विसरलेल्यांसाठी प्लास्टिकच्या जाळीदार टोप्यांची टोपली आहे. भिंतीवर एक लाकडी फलक आणि त्यात घड्याळाच्या सहा तबकड्या: फजर, जोहर, असर, मगरिब, इशा आणि जुमा. या घड्याळांना यंत्र नाही. काटे हातानेच फिरवायचे, कारण जमात किती वाजता उभी राहणार एवढेच ते सांगतात आणि ऋतूप्रमाणे वेळ सरकते. गालिच्यावर रांगांच्या रेघा. कपाटात कुराणाच्या प्रती. चंद्याची पेटी. मागच्या बाजूला मयत वाहून न्यायचा जनाजा आणि मयतीला आंघोळ घालायचा तख्ता. सकाळी शाळेच्या आधी आणि संध्याकाळी शाळेनंतर मुले डुलत डुलत पारा वाचायला बसतात. वस्तीतल्या बहुतेकांची अक्षराशी पहिली ओळख इथेच होते. शुक्रवारी एकच्या सुमारास बाजारातली शटरे अर्धी खाली येतात, गल्ल्याकडे बघायला शेजारचा मारवाडी किंवा मराठा दुकानदार असतो. आत जो आधी आला तो पुढे. उशिरा आलेल्या बिल्डरला आपल्याच साइटवरच्या सेंट्रिंगवाल्याच्या मागे बसावे लागते आणि सिजद्यात कपाळ त्याच्या टाचांजवळ टेकवावे लागते. समतेवरची भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. आठवड्यातून एकदा तिची अशी कवायत करून घेणाऱ्या जागा कमी आहेत.

पुढे उभा राहणारा इमाम हा दीक्षा घेतलेला पुरोहित नव्हे. कुराण नीट वाचता येणारा कुणीही जमातीला पढवू शकतो. व्यवहारात ही पगारी नोकरी झाली आहे आणि फार वाईट नोकरी. बऱ्याच ठिकाणी तो उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून मदरशात शिकून आलेला तरुण असतो, मशिदीच्या हुजऱ्यात राहतो आणि कमिटीच्या मर्जीवर टिकतो. इमामांना वक्फ मंडळांनी वेतन द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये दिला खरा, पण लहान मशिदी महिन्याच्या वर्गणीवरच चालतात. ज्याने जमातीला रस्ता दाखवायचा त्याला घरभाड्यासाठी मुतवल्लीपुढे, म्हणजे मशिदीच्या विश्वस्तापुढे, उभे राहावे लागत असेल तर खुतब्यात हुंड्यावर, सावकारीवर, बांधकामातल्या भानगडींवर तो काय बोलणार? त्यामुळे भाषणे कबरीच्या यातनांवर होतात. त्यावर कुणाचा आक्षेप नसतो.

पंथांच्या पाट्या हा दुसरा आजार. अनेक मशिदींच्या दारावर ही मशीद अमुक मसलकची, म्हणजे पंथाची, आहे, तमुक जमातवाल्यांनी इथे तकरीर, म्हणजे भाषण, करू नये, असे रंगवलेले असते. बरेलवी, देवबंदी, अहले हदीस, त्यात तबलीगवाल्यांचे मशिदीत मुक्काम. गावात अडीचशे घरे आणि मशिदी तीन. इस्माइली खोजांनी तर मशिदीऐवजी जमातखानाच केला, बोहऱ्यांच्या मशिदी त्यांच्यापुरत्या, शियांचा जीव इमामबाड्यात अधिक. हे इतिहासाने आलेले वेगळेपण समजण्यासारखे आहे. पण दुसऱ्या मसलकच्या इमामामागे आपली नमाज होत नाही, असे मानणाऱ्यांनी ‘जमात’ हा शब्द जपून वापरावा.

मराठी वाचकांच्या मनात आणखी एक गल्लत असते, ती दर्ग्याची. दर्गा म्हणजे संताची कबर. तिथे चादर, धूप, नवस, कव्वाली आणि सगळ्या जातीधर्मांची माणसे. मशिदीत यातले काही नाही. नैवेद्य नाही, मूर्ती नाही, दर्शन नाही. त्यामुळे बाहेरच्याला मशीद कोरडी वाटते आणि थोडी भीतीदायकही, कारण आत काय चालते ते तो पाहू शकत नाही. हे ओळखून महाराष्ट्रातल्या काही शहरांत ‘मस्जिद परिचय’ नावाचे कार्यक्रम सुरू झाले. शेजाऱ्यांना बोलवायचे, वजू दाखवायचा, अजानचा अर्थ सांगायचा. दुसरीकडे कुरुंदवाडच्या काही मशिदींत आणि सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीच्या मशिदीत गणपती बसतो. वर्तमानपत्रांना हे दरवर्षी आवडते. काटेकोर मौलवीला ते पटणार नाही आणि पटावे असा आग्रहही नसावा, पण पावसात शेजाऱ्याची मूर्ती आत घ्यावी असे गोटखिंडीतल्या माणसांना वाटले, हे मदिनेच्या अंगणापासून फार लांबचे नाही.

आजच्या मशिदीचा पैसा आणि जागा नमाजपलीकडे वापरली गेल्याची उदाहरणे आहेत. २०२० च्या टाळेबंदीत मशिदी बंद झाल्या, ईदसुद्धा घरात झाली. त्या रमजानात इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ३६ लाख रुपये जमवून तिथल्या इंदिरा गांधी रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभा करून दिला. पुण्याच्या आझम कॅम्पसने आपल्या मशिदीचा मजला विलगीकरणासाठी देऊ केला. हैदराबादला मस्जिद-ए-इशाकमध्ये एका संस्थेने दवाखाना चालवला. लग्नाचा खर्च वाचवायला मशिदीत निकाह लावून खजूर वाटून मोकळे होण्याची रीत वाढते आहे. हे सगळे चांगले, पण अजून बातमी होण्याइतके दुर्मीळ आहे. इशानंतर बहुतेक मशिदींना कुलूप लागते. एका खोलीत सहा माणसे राहतात अशा वस्तीत पंख्याखालची, दिव्याची, स्वच्छ, शांत जागा दिवसाचे वीस तास रिकामी असते आणि बारावीचा मुलगा जिन्यात बसून अभ्यास करतो.

भोंग्याविषयी थोडक्यात. सिंगापूरच्या सुलतान मशिदीत १९३६ मध्ये अजानसाठी ध्वनिक्षेपक लागला, तो अशा पहिल्या वापरांपैकी. तेव्हा उलेमांत या यंत्राविषयी शंकाच जास्त होत्या. आपल्याकडच्या मोठ्या मौलानांनी नमाजमध्ये त्याचा वापर आधी नाकारला होता. ज्याला धर्माने कुरकुरत परवानगी दिली, ते दोन पिढ्यांत धर्माची निशाणी होऊन बसले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ बंद केली. २०२० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने अजान हा धर्माचा भाग आहे, भोंगा नाही, असे सांगितले. २०२२ मध्ये महाराष्ट्रात त्यावर राजकारण पेटले, २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा तेच म्हटले आणि मुंबईतल्या काही मशिदींनी मोबाइल ॲपवरून अजान ऐकवायला सुरुवात केली. बिलाल छपरावर चढत, आता अजान खिशातून येते. भोंग्याच्या बाजूने माझ्याकडे एकही मुद्दा नाही. फक्त नियम मांडवालाही तोच असावा.

मिळकतीचा प्रश्न मात्र एवढा हलका नाही. जुन्या मशिदींना दस्त नसतो, पिढ्यानपिढ्यांचा वापर हाच त्यांचा पुरावा. अशी ‘वापराने वक्फ’ ही संकल्पना २०२५ च्या कायद्याने पुढच्या काळासाठी काढून टाकली. त्या कायद्याच्या काही कलमांना सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये अंतरिम स्थगिती दिली, सगळ्यांना नाही. इथे १९९४ चे ते विधान पुन्हा आठवते. मशीद अत्यावश्यक नसेल तर ती उरते एक सर्व्हे नंबर.

माझा त्या विधानावरचा आक्षेप सरळ आहे. ते एकट्या माणसाकडे पाहून केलेले आहे. एकट्या माणसाला मशीद लागत नाही; समाजाला लागते. ओटा, हौज, पारा वाचणारी मुले, जनाजा, सहा तबकड्या यांना पत्ता हवा असतो.

पण हा युक्तिवाद घेऊन न्यायालयात जाणाऱ्यांनी एका प्रश्नाची तयारी ठेवावी. जमात हाच मशिदीचा प्राण असेल, तर अर्धी जमात कुठे आहे? अल्लाहच्या दासींना अल्लाहच्या मशिदींपासून अडवू नका, हे वचन बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. दुसरे खलिफा उमर यांना पत्नीने मशिदीत जाणे आवडत नसे. तरी त्या जात आणि उमर त्यांना मनाई करू शकत नसत, कारण हे वचन आड येई. आज स्त्रिया जशा वागतात ते प्रेषितांनी पाहिले असते तर त्यांनी मनाई केली असती, असे आयेशांचे एक उद्गारही नोंदलेले आहेत. पुढच्या फकीहांनी, विशेषतः हनफींनी, त्या उद्गारांवर इमारत बांधली आणि वचन तळघरात ठेवले. सगळीकडे असे झाले नाही. चीनच्या हेनान प्रांतात स्त्रियांच्या वेगळ्या मशिदी आणि त्यांच्या स्त्री-इमाम आहेत; कायफेंगमधली एक १८२० ची मानली जाते. केरळात अनेक मशिदींत स्त्रियांची जागा असते, आपल्याकडे बोहरा आणि अहले हदीस मशिदींत दिसते. बाकी महाराष्ट्रातली मुसलमान बाई दर्ग्याच्या उंबऱ्यापर्यंत जाते, मशिदीच्या नाही. दर्ग्याचाही उंबरा २०१२ च्या सुमारास हाजीअलीला अडवला गेला, तो २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मोकळा केला. विसंगती तर डोळ्यांत भरणारी आहे. हजला गेलेली साताऱ्याची किंवा परभणीची बाई मक्केच्या मस्जिद-ए-हराममध्ये लाखो पुरुषांच्या बरोबर त्याच आवारात नमाज पढते, हाजीयानी होऊन परत येते आणि आपल्या गल्लीतल्या मशिदीसमोरून पदर सावरत पुढे निघून जाते.

२०१९ मध्ये पुण्याच्या एका दाम्पत्याने स्त्रियांना मशीद खुली व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. शबरीमला खटल्यातून निघालेल्या मोठ्या प्रश्नांच्या जुडीत तीही बांधली गेली. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने जानेवारी २०२० मध्ये प्रतिज्ञापत्र दिले, की इस्लाममध्ये स्त्रीला मशिदीत येऊन नमाज पढण्याची मुभा आहे. जुमा तिच्यावर बंधनकारक नाही इतकेच. म्हणजे तत्त्वाचा वाद बोर्डाने स्वतःच संपवला. उरला आहे तो नकाशाचा. कमिटीला विचारा, ‘बाया आल्या तर चालतील?’ उत्तर येते, ‘चालतील की, पण सोय नाही.’ सोय म्हणजे एक वेगळा जिना, एक पडदा किंवा माळा, ध्वनिक्षेपकाचा एक आतला कर्णा आणि चार नळांचा वजूखाना. तीन मजले चढवताना, मिनाराला संगमरवर लावताना, वातानुकूलन बसवताना ज्या वर्गणीतून पैसा आला, तिच्या पावत्यांवर घरातल्या बायांची नावे शोधली तर बरीच सापडतील.